देवाची करणी आणि टायरात हवा

२५ ऑक्टोबर २०१०. पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आतला एक प्रवासी दगावला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की, टायर फुटणं ही देवाची करणी. त्यात चालकाचा निष्काळजीपणा कुठे आला?

एरवी देवाधर्माच्या फंदात न पडणारा विमा व्यवसाय पैसे मोजायची वेळ आली की असा आस्तिक होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने हे अपील फेटाळलं. माणसाचा हात नसलेला निसर्गाचा प्रकोप ही देवाची करणी. टायर फुटतो तो अतिवेगाने, हवा कमी-जास्त असल्याने, सेकंडहँड टायर वापरल्याने, तापमानाने. निघण्याआधी तो तपासणं हे माणसाचंच काम.

हा वाद गीतेला नवा नाही. अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. दैव नाकारलेलं नाही, पण यादीत त्याचा नंबर शेवटी लागतो. करण म्हणजे साधन, आणि मोटारीत टायरइतकं उघडं साधन दुसरं नाही. ताशी ऐंशीने धावणारी अख्खी गाडी तळहाताएवढ्या चार ठिकाणी काय ती रस्त्याला टेकलेली असते.

हे साधन स्वतःची कुंडली अंगावर छापून घेऊन येतं. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. पुढचा ८८ हा आकडा सांगतो की हा टायर ५६० किलो भार पेलेल. लांबट चौकटीत २३१९ असेल, तर जन्म २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गिऱ्हाईक दुकानात भाव करण्यात अर्धा तास घालवतं, हे चार आकडे मात्र क्वचितच वाचतं. टायर गोटा झाला की कुणालाही कळतं, खाचांमधली १.६ मिलिमीटरची खूणही त्यासाठीच असते. फसवतो तो कमी पळालेला, उन्हात उभा राहून म्हातारा झालेला टायर. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं आणि कडेला बारीक चिरा. त्यात हवा कमी असली की कड सतत दुमडते, तापते, आतले थर सुटू लागतात.

दोनच टायर बदलायचे असतील तर बहुतेक जण नवे पुढे टाका म्हणतात. ते मागे हवेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरण्याची संधी असते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते.

दसऱ्याला याच चाकांखाली लिंबं ठेवली जातात. त्यात हसण्यासारखं काही नाही. वर्षातून एकदा का होईना, गाडीचा मालक टायरसमोर वाकतो आणि ते चार आकडे त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर येतात.

इतकं सगळं सांभाळूनही रस्त्यात खिळा लागतोच. त्या पाचव्या कारणासाठी डिकीत स्टेपनी दिलेली असते. तिच्यात हवा किती आहे, हे बहुतेकांना ती काढल्यावरच कळतं.