ययातीचे नातू

जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आज ज्याचे सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे झाले आहेत त्या मुलुखात, 1943 पासून 1946 पर्यंत जे प्रतिसरकार नांदले त्याचा इतिहास आता ग्रंथनिविष्ट झाला आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ अडवलेली पगाराची गाडी, गावोगावची न्यायदान मंडळे, हुंडा आणि मानपान यांना फाटा देऊन लागलेली गांधीविवाहाची लग्ने, या साऱ्याची वर्णने आपण वाचलेली असतात. परंतु फरारी माणूस हा हवेवर जगत नाही. त्याला रोज कोणाच्या तरी चुलीवरची भाकरी लागते, कोणाच्या तरी माळ्यावरचे अंथरूण लागते, आणि फौजदार गावात येण्याआधी ती वार्ता पोचवणारा कोणीतरी लागतो. ज्या घरांनी हे पुरवले त्यांची नावे ग्रंथाच्या सूचीत सहसा सापडत नाहीत, आणि नवल असे की पुष्कळदा ती त्या घरांतल्या पोराबाळांनाही ठाऊक नसतात.

वाळवे तालुक्यातील माझ्या एका स्नेह्यांच्या घरची हकिगत अशीच आहे. त्यांचे आजोबा गावचे पोलीस पाटील. 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार होऊन माणसे पडली, तेव्हा भोवतालच्या गावांतून राजीनाम्यांची भाषा सुरू झाली; या गृहस्थांनी मात्र राजीनामा दिला नाही, पागोटे सारखे करून ते नेमाने कचेरीत जात राहिले, आणि तेवढ्यावरून गावाने त्यांना सरकारधार्जिणा म्हणून जे एकदा बाजूला काढले ते त्यांच्या मरणापर्यंत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या झेंडावंदनाला त्यांना कोणी बोलावले नाही, हे गावात अजून सांगितले जाते. काही वर्षांपूर्वी नातवाने जुना वाडा उतरवायला काढला; माजघरातले फडताळ काढताना त्यामागे पोकळी लागली आणि पोकळीत पत्र्याचा एक डबा. डब्यात सुपारीएवढ्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, शाळेच्या वहीच्या चतकोर कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या, अक्षर आजोबांचे. उद्या खोंड बघायला गिऱ्हाईक येणार, दावण मोकळी ठेवा. अशा स्वरूपाचा मजकूर. गिऱ्हाईक म्हणजे पोलीस आणि दावण म्हणजे मळ्यातली खोली, हा अर्थ नातवाला लगेच लागला नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर कोळशाची एक आडवी रेघ होती: चिठ्ठी पोचली की पोच म्हणून तीच परत यावयाची. वास्तविक त्या तत्काळ चुलीत जावयास हव्या होत्या; पण आलेला कागद फाडावयाचा नाही हे दप्तराचे वळण त्या माणसाच्या इतके अंगात मुरलेले असावे की राजद्रोहाचीही त्याने फाईल ठेवली.

ने-आण कोण करी हे आत्याबाईंना विचारल्यावर कळले. त्या वेळी त्या परकरी मुलगी होत्या. मळ्यात भाकरी पोचवावयाची आणि येताना ओच्यातून घडी आणावयाची, एवढेच त्यांचे काम. हे आजवर कोणालाच कसे सांगितले नाही असे विचारता त्या म्हणाल्या, ‘‘त्यात काय सांगायचं हुतं? भाकरी घिऊन जायचे न् यायचे.’’

या हकिगतीतून जे धर्मप्रश्न उत्पन्न होतात त्यांतला पहिला सोपा आहे. मुंबई इलाख्याच्या 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने गावात आलेल्या संशयित इसमाची खबर देणे हे पाटलाचे कर्तव्य होते, आणि हे पाटील गावी कोणीही परका इसम नाही असा जबाब खुशाल लिहून देत. असत्याचा दोष त्यांना लागला की नाही? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो: चोरांच्या भयाने लपलेली माणसे कोठे आहेत हे चोरांनी विचारताच या सत्यव्रत्याने ते खरेखरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. व्यासांनी निकाल इतक्या स्वच्छ शब्दांत दिल्यावर आपण त्यात भर घालावी असे काही उरत नाही. गांधीजींचे मत मात्र निराळे होते. 1944 च्या मे महिन्यात सुटून आल्यावर त्यांनी गुप्ततेलाच दोष मानून भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला, आणि साताऱ्याच्या मंडळींनी तो आदराने ऐकून बाजूला ठेवला. सत्याग्रहीला पकडले जावयाचेच असते, म्हणून त्याला लपण्याचे कारण नाही, हे त्या मतामागचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. पण ज्याच्या पकडले जाण्याने दुसरेच दहाजण पकडले जाणार, त्याला ते लावणे मला तरी कठीण वाटते.

दुसरा प्रश्न खरा अवघड. राज्य गेले, भय गेले, तरीही हा माणूस का बोलला नाही? येथे आपले चटकन मिळणारे उत्तर निष्काम कर्म हे होय. दिलेले दान बोलून दाखवल्याने नष्ट होते हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे आणि गुप्तदानाचे माहात्म्य आपल्या आयाबायांनाही मुखोद्गत असते. पण दान झाकणारा केवळ स्तुतीस मुकतो. या पाटलांनी झाकले ते पुण्य, आणि त्याच्या जागी लोकांना दिसू दिले ते पाप. स्तुतीचा त्याग करणे आणि आयुष्यभर निंदा अंगावर घेणे या दोहोंमधले अंतर फार मोठे आहे. जी गीता फलाशा सोडावयास सांगते तीच दुसऱ्या अध्यायात, संभावित पुरुषाला अपकीर्ती मरणाहून जड होते असे सांगून अर्जुनाला उठवते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. म्हणजे अपकीर्ती पत्करण्याचा उपदेश प्रत्यक्ष भगवंतांनीही करावयाचे टाळले आहे.

सरकारी बाजूने पाहिले तर मौन आणखी महाग पडले. 1972 साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा साहजिकच पुरावा मागितला गेला: सहा महिन्यांचा तुरुंगवास, किंवा फरारी म्हणून जाहीर होऊन तेवढाच काळ भूमिगत राहणे, आणि या गोष्टीचा सरकारी दाखला. ज्याने काम इतक्या कुशलतेने केले की तो पकडलाच गेला नाही, त्याच्यापाशी तुरुंगाचा दाखला कोठून असणार? या पाटलांच्या बाबतीत तर दप्तर उलटच साक्ष देत होते. त्यात ते इमानी नोकर होते. शासनाला पुराव्यावाचून गत्यंतर नव्हते हे मान्य करूनही, इंग्रजांना फसवण्यात जो जितका यशस्वी तो तितका स्वराज्याच्या दप्तरी अपात्र, या विनोदाचे हसू येत नाही.

डब्याच्या तळाशी निराळी घडी केलेली एक चिठ्ठी होती आणि मौनाचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, तीत आहे. तीत गावातल्या खबऱ्याचे नाव आहे. प्रतिसरकारच्या दृष्टीने पोलिसांना खबर देणे हा अक्षम्य गुन्हा, त्याची शिक्षा कठोर. ती चिठ्ठी पुढे गेलीच नाही. तिच्या पाठीवर कोळशाची रेघ नाही. त्या माणसाचे घर बोळाच्या पलीकडे, आणि त्याच्या मुलीची सोयरीक पुढे खुद्द पाटलांनीच जुळवून दिली, हे आत्याबाईंना पक्के आठवते. स्वतःची हकिगत सांगावयाची म्हटले असते तर आरंभापासून सांगावी लागली असती, आणि आरंभापासून सांगताना ते नाव टाळता आले नसते.

असो. आजोबांचा निर्णय आजोबांपुरता. नातवाने काय करावे? गावात वार्ता पसरताच ग्रामपंचायतीने वेशीवर आजोबांच्या नावाची कमान उभारण्याचा ठराव केला, तालुक्यातले एक पुढारी सत्काराला येण्यास उत्सुक झाले, आणि स्नेही माझ्याकडे सल्ला विचारावयास आले. मला त्या वेळी ययातीची आठवण झाली. ययाती आपल्याला ठाऊक असतो तो मुलाचे तारुण्य मागून घेणारा. त्याची उत्तरकथा फारशी कोणी सांगत नाही. स्वर्गात गेल्यावर तपात तुझ्या तोडीचा कोण असे इंद्राने विचारले, आणि देवांत, मनुष्यांत, गंधर्वांत, महर्षींत कोणी नाही असे उत्तर देताच त्याचे पुण्य क्षीण होऊन तो खाली आला. उद्योगपर्वात तर त्याचे तेज असे मालवते की हा कोण म्हणून स्वर्गाचे द्वारपालही त्याला ओळखत नाहीत. पडता पडता तो आपल्याच दौहित्रांच्या यज्ञात येऊन पोचतो, आणि अष्टक, प्रतर्दन, वसुमना व शिबी हे माधवीचे चौघे पुत्र आपापले पुण्य देऊ करून त्याला पुन्हा वर चढवतात. माधवीही आपल्या पुण्याचा अर्धा वाटा देते.

या कथेतली देवघेव कोणत्या दिशेची आहे तिकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे पूर्वजांचे पुण्य खाली उतरते: आजोबांच्या ताम्रपटावर नातवाचे निवडणुकीचे तिकीट, पणजोबांच्या सनदेवर पतवंडांचा मान. ययातीच्या यज्ञमंडपात ते वर चढते. नातू म्हाताऱ्यापाशी काही मागत नाहीत; आपण कमावलेले देतात. कमान आणि सत्कार यांत मला जे खटकले ते एवढेच की त्यात आजोबांना काही मिळत नव्हते, मिळणार होते ते सर्व वेशीच्या आतल्या जिवंत माणसांना. म्हणून मी कमान नको म्हणून सांगितले. आत्याबाईंची जबानी त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी, चिठ्ठ्या एकही न वगळता पुराभिलेखागारात द्याव्यात, आणि तळाच्या चिठ्ठीवर, पलीकडच्या घरातली आजची वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर ती कोणाला दाखवू नये, अशी अट घालावी, असे सुचवले. स्नेह्यांनी ते मानले, ग्रामपंचायत रुसली.

स्नेह्यांचे चिरंजीव वकिली करतात. त्यांना माझा सल्ला पसंत पडला नाही, आणि त्यांनी मला माझ्याच दाखल्यात पकडले. त्यांचे म्हणणे असे, की ययातीचे दौहित्र त्याला वर चढवू शकले, कारण हा पडलेला पुरुष आपला मातामह आहे हे त्यांना यज्ञमंडपात कळले होते. बोळापलीकडच्या घरातही नातू आहेत, चांगले कर्ते आहेत. आजोबांसाठी काही वेचावे असे त्यांच्याही मनात आले असते. त्यांचा आजोबा पडला आहे हेच आम्ही त्यांना कळू देत नाही, तेव्हा तो अधिकार त्यांच्यापासून आम्ही कोणत्या धर्माने काढून घेतला? या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही.