शंकासमाधान : लहान मूल आणि घरातला ईस्टर

शंका : घरात दोन वर्षांचे मूल आहे. शनिवारच्या रात्रीच्या मिस्सेत ते टिकत नाही आणि रविवारी सकाळीही रडते. अशा वेळी ईस्टर घरीच साजरा केला तर आईवडिलांना पाप लागते काय?

समाधान : लागत नाही. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे आणि ईस्टर हा वर्षातला सर्वांत मोठा रविवार आहे, हे खरे. पण गंभीर कारण असेल तर या बंधनातून सूट मिळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, २१८१ व्या परिच्छेदात, अशा कारणांची दोन उदाहरणे दिली आहेत : आजारपण आणि तान्ह्या मुलांची देखभाल. मुलाची काळजी घेणाऱ्या आईला वाडीतल्या किंवा चाळीतल्या कोणी दोष दिला, तर तो दोष धर्माच्या नावाने दिलेला असला तरी धर्माचा नसतो. मुलावर तर सात वर्षे पूर्ण होईपर्यंत हे बंधन मुळातच नसते.

मात्र सूट आहे म्हणून दोघांनीही घरी बसण्याचे कारण नाही. शनिवारच्या रात्रीची मिस्सा ईस्टरचीच धरली जाते. एकाने रात्री जावे, दुसऱ्याने सकाळी. मुलापाशी कोणीतरी राहतेच. रात्रीचा विधी लांबतो. अंधार पडल्यावर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मेणबत्ती लावतात, मग जुन्या करारातील वाचने, पाण्याचा आशीर्वाद, बाप्तिस्मा आणि शेवटी मिस्सा. हा विधी पूर्वी शनिवारी सकाळीच उरकला जाई. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली तो पुन्हा रात्री आणला. उपासकाळही त्या काळी शनिवारी दुपारी संपत असे, म्हणून जुन्या पिढीकडून आलेली शनिवारी दुपारी उपास सोडण्याची पद्धत आजच्या नियमाशी जुळत नाही. यावरून घरात वाद घालू नये.

मूल सोबत न्यायचेच असेल तर सकाळी न्यावे आणि मोकळी जागा असलेले देऊळ निवडावे. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे, पण आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात रचलेली आहे. तिच्यात छताखालच्या जागांना लागून उघडी अंगणे आहेत. रडणारे मूल घेऊन अंगणात उभे राहिले तरी प्रार्थनेतला सहभाग तुटत नाही.

शंका : गुड फ्रायडेला लहान मुलाकडून उपास करवून घ्यावा काय? त्या दिवशी त्याला खेळू, हसू द्यावे काय? घर आशीर्वादित करण्यासाठी फादर आले नाहीत तर सण अपुरा राहतो काय?

समाधान : उपासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि साठाव्या वर्षात पाऊल पडले की संपतो. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. दोन वर्षांच्या बाळाचे दूध, भात, अंडे त्या दिवशी तोडणे हे पुण्य नव्हे, क्रूरपणा आहे. एप्रिलच्या उकाड्यात तर ते धोक्याचेही आहे. तरीही काही घरांत मुलाला दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवतात, खेळणी उचलून ठेवतात, हसले तर देव रागावेल म्हणून दटावतात. ज्याने बालकांना अडवणाऱ्या शिष्यांनाच रागे भरले, त्याच्या नावाने बालकाला भीती घालणे यासारखा दुसरा अधर्म नाही.

अशीच भीती झावळ्यांच्या बाबतीत दिसते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या पातीचा क्रूस दाराशी लावावा, ही सुंदर रीत आहे. पुढच्या वर्षी त्याच पाती जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. पण तोच क्रूस दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात बांधला की तो ताईत होतो, आणि पुनरुत्थानावरची श्रद्धा गंडेदोऱ्याच्या पातळीवर उतरते.

घराच्या आशीर्वादाबद्दल स्पष्ट सांगणे जरूर आहे. धर्मगुरू आले तर आनंद आहे. न आल्यास सणाला काहीही उणे नाही. शनिवारच्या रात्री आशीर्वादित झालेले पाणी बाटलीतून घरी आणावे. रविवारी जेवणापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्याने, नाहीतर आईने, ते पानांवर आणि मुलांवर शिंपडून प्रार्थना म्हणावी. एवढा आशीर्वाद पुरतो. फादरांना द्यायच्या पाकिटात किती आहे यावर घरांचा क्रम ठरत असेल, तर तशा आशीर्वादाची वाट पाहू नये. देवळाचा खर्च श्रद्धावंतांनीच चालवायचा असतो, म्हणून दानपेटीत यथाशक्ती जरूर टाकावे. पण सौदा करून घेतलेला आशीर्वाद परळच्या एका खोलीच्या घरात आणि गिरगावच्या जुन्या बंगल्यात भेद करतो, आणि रिकाम्या कबरीच्या सणात असा भेद सर्वथा त्याज्य आहे. गरीब घरातली आई कर्ज काढून पाकीट भरते, ही गोष्ट ज्यांच्या लक्षात येते त्यांनी ती बोलून दाखवली पाहिजे.

मुलाला गोष्ट सांगताना चाबूक, खिळे आणि रक्त यांनी सुरुवात करू नये. बाग, कबरीवरचा मोठा धोंडा आणि पहाटे तेथे गेलेल्या बायका यांपासून करावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधील हा भाग आईवडिलांनी आधी वाचला तर साध्या मराठीत सांगणे सोपे जाते. झावळ्यांच्या रविवारी थाळीत माती घालून मेथी पेरावी. ईस्टरपर्यंत ती हिरवी होते. दाणा मातीत गेल्याशिवाय पीक येत नाही ही येशूची शिकवण मुलाला त्या थाळीतच दिसते. संध्याकाळी वाडीतल्या क्रूसापाशी फुले वाहायला न्यावे. मुंबईतल्या गावठाणांत आणि वाड्यांत असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. तेथे म्हटलेली दोन मिनिटांची प्रार्थना लहान मुलाला झेपते.

शंका : ईस्टरची अंडी ही ख्रिस्ती रीत आहे काय? हिंदू शेजाऱ्यांना काय द्यावे?

समाधान : उपासकाळात पूर्वी अंडीही वर्ज्य होती. ती साठत जात आणि ईस्टरला उपास सुटला की खाल्ली जात. त्यांना नव्या जीवनाचा अर्थ जोडला गेला. म्हणून रीतीत दोष नाही. दोष महागड्या खरेदीच्या हट्टात आहे. कांद्याच्या सालीत उकडलेले अंडे तांबूस होते, हळदीत पिवळे, बिटात गुलाबी. खोलीभर लपवून ठेवलेली अशी चार अंडी शोधताना दोन वर्षांच्या मुलाला दुकानातल्या टोपलीपेक्षा अधिक आनंद होतो.

वसंतातील पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर येत असल्याने तो पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आसपास पडतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. लालबागच्या चाळीत शेजारून सुंठवडा आला तर आनंदाने घ्यावा, आणि उलट ताट पाठवताना अंडे न घातलेला गोड पदार्थ पाठवावा. मार्झिपानच्या अंड्यांत काजू किंवा बदाम असतात. ज्या मुलाला सुका मेवा सोसतो की नाही हे ठाऊक नाही, त्याला ती देऊ नयेत. साखरेची लहान, गोल, कडक अंडी चार वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात. ती त्याच्या हाती मुळीच देऊ नयेत.