पादचाऱ्याचा मृत्यू आणि पंचनामा

वाहनाच्या धडकेने पादचारी मरण पावला की पोलिसांची दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली फिर्याद नोंदवली जाते आणि कलम 194 खाली मृतदेहाचा पंचनामा होतो. फिर्यादीची भाषा महाराष्ट्रात ठरून गेलेली आहे : चालकाने ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून’ चालवले. वेग मोजला जाण्याआधीच तो भरधाव ठरतो. गुन्हा लागतो भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) चा. जुन्या दंड संहितेत या गुन्ह्याला कमाल दोन वर्षे कैद होती, 1 जुलै 2024 पासून ती पाच वर्षे झाली आहे.

खरा पुरावा रस्त्यावर असतो आणि तो फार थोडा वेळ टिकतो. टायर घासल्याच्या खुणा, काचांचे तुकडे, मृताची चप्पल कुठे पडली, रक्त कुठे सांडले, यांची अंतरे एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून, समजा विजेच्या खांबापासून, मोजून नकाशात उतरवावी लागतात. कोरड्या डांबरावर 20 मीटर घसरल्याची खूण असेल, तर ब्रेक लागताना वाहनाचा वेग ताशी 60 किलोमीटरच्या आसपास निघतो. तीच खूण ओल्या रस्त्यावर असेल तर तो 45 च्या जवळ येतो. त्यामुळे रस्ता कोरडा होता की ओला, ही एक नोंद राहिली तरी सगळे गणित डळमळते. बंपरची उंची आणि पायाच्या हाडाचा मोड जुळवून पाहिला, की माणूस उभा होता का आणि धडक कोणत्या बाजूने बसली, याचा अंदाज येतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक तपासतो. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र लगेच ताब्यात घ्यावे लागते, कारण जुन्यावर नवे चढत जाते.

एवढे काटेकोर काम झाले नाही तर उरतात ती माणसांची बोलणी. मृत बोलू शकत नाही. ‘तो अचानक आडवा आला’ हे चालकाचे म्हणणे खरेही असू शकते, पण ते पारखायला मोजमापच लागते.

न्यायालयेही मोजमाप मागतात. ‘वेग जास्त होता’ एवढ्या साक्षीवर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये कर्नाटकातील एका ट्रकचालकाच्या खटल्यात स्पष्ट केले. त्याआधी 1979 मध्ये याच न्यायालयाने, रस्ता ओलांडणारे लहान मूल बसखाली गेल्याच्या प्रकरणात, अपघात झाला एवढ्यावरून चालकाला गुन्हेगार ठरवता येत नाही, असे म्हणून चालकाला निर्दोष सोडले होते. नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र मोटार अपघात न्यायाधिकरण संभाव्यतेचा तोल कोणीकडे झुकतो एवढेच पाहते. त्यामुळे फौजदारी खटल्यातून सुटलेल्या चालकाच्या विमा कंपनीलाही भरपाई द्यावी लागू शकते. प्रौढ मृताची स्वतःची हयगय दिसली तर त्या प्रमाणात रक्कम घटते. 2022 च्या मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. म्हणजे मृताच्या घरच्यांचा पुढचा आधार हवालदाराच्या टेपवर अवलंबून असतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर तपास ‘अ’ समरीत, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही अशा अहवालात, मिटतो आणि वारसांना मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली दोन लाख रुपये मिळतात.

या साऱ्या प्रक्रियेत दोष शोधला जातो तो चालक आणि पादचारी या दोघांतच. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. त्यांतला प्रत्येक जण बेफिकिरीने आडवा गेला नव्हता. किमान 1.8 मीटर रुंद पदपथ हवा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. जिथे पदपथावर टपऱ्या आणि मोटारसायकली उभ्या असतात, तिथे माणसाला डांबरावर उतरण्यावाचून गत्यंतर नसते. सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाल्यास जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 198-अ मध्ये आली. पण पदपथाची रुंदी, बंद पथदिवा, पुसट झेब्रा पट्टे यांची नोंद घटनास्थळाच्या पंचनाम्यातच झाली नाही, तर हे कलम लावायला तपासी अंमलदाराच्या हाती काहीही उरत नाही.