देवाचा भाव आणि करटोलीचा

देवाची किंमत करू नये, असे आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मानतात. मंडईत मात्र सगळेच करतात. या दोन नियमांची गाठ कधी पडत नव्हती, म्हणून आम्ही सुखी होतो. 2025 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला, शनिवारी गोपाळकाला, पुढे रविवार. लागून तीन सुट्ट्या मध्यमवर्गीय माणसाला घरी बसू देत नाहीत. रोह्याला हिची मावशी, वाटेत पेण, आणि गणपती बारा दिवसांवर आलेले.

पेणच्या कारखान्यात शेकडो गणपती ओळीने बसले होते. ज्यांच्या डोळ्यांची आखणी व्हायची होती, त्यांच्यासमोर मी जरा मोकळेपणाने वावरत होतो. दीड फुटाच्या शाडूच्या मूर्तीचे मालकांनी साडेचार हजार सांगितले. "शेवटचे किती?" माझ्या ओठांवर आले, तोच हिने डोळे वटारले. "देवाची घासाघीस करतात का?" वास्तविक प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच, हा मुद्दा माझ्यापाशी होता, पण शास्त्राचा आधार मला नेहमी पैसे वाचवतानाच आठवतो, हे हिला ठाऊक आहे. मी निमूटपणे पैसे ठेवले.

शनिवारी धबधबा, कोलाडहून भिऱ्याच्या रस्त्याला. मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून 1927 पासून मुंबईसाठी वीज करतात. आमच्या वाटणीचे पाणी मात्र फुकट पडत होते. बांधाबांधाने तासभर चाललो, मेहुण्याची एक चप्पल भातशेताला अर्पण झाली. धबधब्याखाली माणूस दोन मिनिटे सज्जन होतो, मीही झालो.

परतताना कोलाड नाक्यावर एक कातकरी बाई करटोली घेऊन बसली होती. साठ रुपये वाटा. ही म्हणाली चाळीस. मी चष्मा पुसत "हो, चाळीसच" अशी साथ दिली. बाईने आभाळाकडे पाहिले, येणाऱ्या एस.टी.कडे पाहिले, आणि दिली.

"बाबा," गाडीत मुलगी म्हणाली, "हिनं ती रानात काट्याकुट्यांतून शोधून आणली. मग घासाघीस हिच्याशीच का?"

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचेच. तेव्हा रोह्याच्या हद्दीत मीही अर्थशास्त्र काढले. मागणी, पुरवठा, नाशिवंत माल. बोलता बोलता लक्षात आले, की नाशिवंत माल म्हणजे तिला एस.टी. गाठायची होती, आणि तेवढ्यावरच आमचे वीस रुपये सुटले होते. "आधीच वाढवून सांगितले असतील तिनं," ही म्हणाली. असतीलही. पण मग पेणच्या मालकांनी नसतील कशावरून? मावशीने भाजी झकास केली होती. मला ती गोड लागली नाही, तरी दोनदा घेतली.

रविवारी निघताना मी काहीतरी निमित्त काढून गाडी नागोठण्याऐवजी कोलाडकडे वळवली. वीस रुपये द्यायला शंभराचे पेट्रोल! बाई होती. "कालचे राहिले होते," मी नोट पुढे केली. तिने माझ्याकडे पाहिले, नोटेकडे पाहिले, आणि वीस रुपयांची करटोली मोजून पिशवीत टाकली. वर दोन जास्त.

"आता या दोनांचं काय करायचं?" ही म्हणाली.