चान्यांचं शास्त्र

एप्रिल सरता सरता नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो. हवेत ओल म्हणून राहत नाही. या उन्हात गच्चीगच्चीवर कुरड्या, पापड, सांडगे वाळतात आणि आपण त्यांचं कौतुक करतो. याच उन्हात दलित वस्त्यांतल्या दोरीवर मांसाच्या लांब पट्ट्या वाळायच्या. त्यांना चान्या म्हणतात. पाककृतींच्या पुस्तकांनी हे वाळवण जवळ केलं नाही. लेखक शाहू पाटोळे यांनी 2015 च्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात दलित स्वयंपाकघराला त्याची हक्काची जागा दिली.

जनावर मोठं, खाणारी तोंडं बरीच, साठवायला साधन नाही. कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं आणि जीवाणूंना तेच हवं असतं. पट्टी पातळ कापली की पाणी लवकर उडून जातं, नासवणारे जीवाणू माजण्याआधी मांस कोरडं होतं. जाड तुकडा वरून सुकतो, आतून सडतो. केवढं पातळ कापायचं, हे त्या हातांना ठाऊक होतं.

जिथं असं ऊन नाही तिथं दुसरा मार्ग शोधावा लागला. गोव्याच्या दमट हवेत चोरीस या सॉसेजसाठी मीठ, व्हिनेगर, मिरची आणि धूर लागतो. युरोपच्या गारठ्यात मांस सुकायला आठवडे जातात, म्हणून त्यात मीठ आणि सोरा घालतात आणि मधल्या काळात जीवाणूंनाच कामाला लावतात. मीठ पाणी ओढू लागलं की सडवणारे स्यूडोमोनास आधी हतबल होतात. लॅक्टोबॅसिलस मात्र बीटेनसारखी द्रव्यं पेशीत साठवून तग धरतात आणि मांस आंबवतात. काही निरुपद्रवी स्टॅफिलोकोकाय सोऱ्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्यानं मांसाला गुलाबी रंग येतो. त्याहून मोठं काम म्हणजे, हवेविना वाढून जीवघेणं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला ते रोखतं. नायट्राइटचं प्रमाण जास्त झालं तर आंबवणारे जीवाणूही मंदावतात. जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरानं 1820 च्या दशकात सॉसेजमधून होणाऱ्या बोट्युलिनमच्या विषबाधेनं दगावलेल्यांच्या बारकाईनं नोंदी ठेवल्या होत्या. इतक्या आस्थेनं निरखण्याचा मान चान्यांच्या वाट्याला आला नाही.

चान्यांबद्दल बोलताना त्यामागचं दुःख झाकता येत नाही. हे मांस पुष्कळदा मेलेल्या जनावराचं असे, आणि ते जनावर ओढून नेण्याचं काम जातीनं लादलेलं होतं. 1927 साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ज्यांनी ते सोडलं, त्यांनी पोटापेक्षा माणूसपण मोठं मानलं. पुढं 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. दोऱ्या रिकाम्या होत गेल्या. पण लादलेल्या हालांतून ज्या बायांनी हे ज्ञान कमावलं, ते त्यांचंच आहे आणि ते त्यांच्या नावावर लागलं पाहिजे.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीनं, आजी आहे तोवर, तिच्याजवळ बसून विचारावं: आज्जे, पट्टी केवढी कापायचीस, किती उन्हं द्यायचीस, मीठ लावायचीस का, पावसाळ्यात कशात ठेवायचीस? मग म्हशीच्या मांसाच्या पट्ट्या तशाच वाळवून त्यांत पाणी किती उरतं ते मोजावं, कोणते जीवाणू टिकतात ते पाहावं, आणि शोधनिबंधावर आजीचं नावही घालावं.