दुरुस्तीचे राज्य

कादंबरीतील एखादे पात्र वाचकाला पटले नाही, तर तो फार तर लेखकाच्या प्रतिभेविषयी कुरकुरतो. ते पात्र प्रत्यक्षात कसे वागले असते याचा पडताळा पाहण्यास त्याच्यापाशी दुसरे साधन नसते. क्रीडाविषयक व्हिडिओ गेमचे तसे नाही. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेला चेंडू किती उसळतो, थकलेला बचावपटू किती सावकाश वळतो, हे ज्याने लहानपणापासून मैदानावर आणि दूरचित्रवाणीवर पाहिलेले आहे, त्याच्यासमोर त्याच सृष्टीची प्रतिकृती मांडण्याचे धाडस या गेमचे निर्माते करीत असतात. आणि म्हणून, राक्षस-पिशाच्चांचे गेम रचणाऱ्यास जी सवलत आपोआप मिळते, ती त्यांना मिळत नाही. मूळ वस्तू सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे दोष दाखवण्याचा अधिकार येथे शाळकरी मुलालाही जन्मतःच प्राप्त झालेला असतो. या अधिकाराची फिर्याद कशी झाली, फिर्याद ऐकून घेणारे दप्तर कसे उभे राहिले आणि त्या दप्तरावरचा विश्वास कसा उडत गेला, हा इतिहास जेमतेम तीस-बत्तीस वर्षांचा आहे. पण तेवढ्या अवधीत मालक कोण आणि रयत कोण, याविषयीची समजूत मुळापासून पालटली.

डिसेंबर १९९३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजेच ईए, या कंपनीने ‘फिफा इंटरनॅशनल सॉकर’ सेगाच्या मेगा ड्राइव्ह यंत्रासाठी प्रसिद्ध केला, तेव्हा तो कार्ट्रिजच्या रूपाने, म्हणजे प्लास्टिकच्या पेटीत बंदिस्त केलेल्या चिपवर, विकला गेला. आणि एकदा कारखान्याबाहेर पडलेल्या त्या चिपवरील एक अक्षरही बदलणे निर्मात्यांच्या हाती उरले नाही. त्या गेममध्ये एक प्रसिद्ध व्यंग होते: प्रतिपक्षाचा गोलरक्षक चेंडू लाथाडण्याच्या बेतात असताना आपला खेळाडू त्याच्या पुढ्यात नेऊन उभा केला, की चेंडू त्याच्या अंगावर आपटून थेट जाळ्यात जाई. जुनी कार्ट्रिजे ज्यांनी जपून ठेवली आहेत त्यांच्या घरी ते व्यंग आजही शाबूत आहे. त्याबद्दल कंपनीकडे तगादा लावण्याची सोय नव्हती. शेजारी शेजारी बसलेले दोन मित्र ‘ही लबाडी करायची नाही’ असा आपसांत ठराव करीत आणि खेळ पुढे चालू होई. निर्मात्याचे मौन त्या काळी कोणास अपमानास्पद वाटत नसे, कारण तो बोलला तरी वस्तूत फरक पडणार नव्हता; आणि वस्तू जशी होती तशी, गुणदोषांसह, विकत घेणाऱ्याची झालेली होती.

वैयक्तिक संगणकावर मात्र दुरुस्तीची वहिवाट लवकर पडली. दूरध्वनीच्या तारेवरून कूर्मगतीने उतरवून घेतलेल्या, किंवा मासिकांसोबतच्या सीडीवर मिळणाऱ्या, पॅच नावाच्या लहानशा फाइली मूळ गेमवर चढवल्या की काही दोष नाहीसे होत. पण त्या येतील असे कोणी गृहीत धरीत नसल्यामुळे, आल्या तर इनाम मिळाल्यासारखे वाटे. तथापि या कालखंडातील खरे लक्षणीय प्रकरण कंपन्यांच्या पॅचचे नसून रसिकांच्या पॅचचे आहे, आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला ‘क्रिकेट ०७’ ईएसाठी कॅनडातील एचबी स्टुडिओजने घडवला होता. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचे समालोचन त्यात होते, परंतु भारतीय संघाचा परवाना नसल्यामुळे आपले खेळाडू मोडतोड केलेल्या नावांनी फलंदाजीस उतरत. २००७ मध्ये ट्वेंटी-ट्वेंटीचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, क्रिकेटचे सारे अर्थकारण पालटले. तरी ईएने त्या गेमचा पुढचा भाग काढला नाही तो नाहीच. तेव्हा जगभरच्या, आणि विशेषतः आपल्या उपखंडातील, हौशी पोरांनी हा अनाथ गेम दत्तक घेतला. खरी नावे, नवे गणवेश, नवी मैदाने, आयपीएलचे संघ, एवढेच काय पण बॅटवरचे स्टिकरदेखील त्यांनी फुकट तयार करून एकमेकांना वाटले, आणि तालुक्याच्या गावच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर बसून ते घरोघर पोहोचले.

तो गेम निर्दोष होता म्हणून त्यावर लोभ जडला, असे म्हणण्याची सोय नाही. एखादा फटका एकदा बसवून घेतला की सोप्या पातळीवर षटकारांची हवी तेवढी रास घालता येई, आणि कसोटी सामना दोन दिवसांत आटोपे. तरीही त्याच्या उणिवांविषयी बोलताना त्या पिढीच्या स्वरात संताप आढळत नाही, आढळते ती माया. अपुरेपणा हाच जर रागाचे मूळ असता तर हे घडले नसते. माझा तर्क असा, की मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या त्या गेमची मालकी खेळणाऱ्यांकडे आली होती, आणि स्वतःच्या घराच्या गळक्या छपराबद्दल फिर्याद करायला कोणी कचेरीत जात नाही.

कचेरी निर्माण झाली ती कन्सोल इंटरनेटला जोडले गेल्यावर. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये व सोनीचे प्लेस्टेशन ३ त्याच्या पुढच्या वर्षी बाजारात आले, आणि विकल्या गेलेल्या गेममध्ये मागाहून फेरफार करण्याची सत्ता निर्मात्यांच्या हाती आली. आरंभी या सत्तेस लगाम होता: प्रत्येक पॅच यंत्राच्या मालक-कंपनीकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागे, आणि मायक्रोसॉफ्ट त्या फेरतपासणीसाठी शुल्कही आकारी, ते शुल्क बंद झाल्याची वार्ता २०१३ मध्ये आली. दुरुस्ती जसजशी स्वस्त झाली तसतशी ती पुढे ढकलणेही स्वस्त झाले. त्यातून क्रीडाविषयक गेमची तारीख ही दिवाळी अंकाच्या तारखेसारखी असते. दिवाळी उलटल्यावर अंक कितीही सुंदर निघाला तरी त्याला कोण विचारतो? अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होणार म्हणून ‘मॅडन’ ऑगस्टमध्ये आलाच पाहिजे, युरोपातील फुटबॉल सुरू झाले म्हणून ‘फिफा’ सप्टेंबरअखेर दुकानात हवाच. डिस्क छापण्यास गेल्यापासून ती विक्रीस येईपर्यंतच्या आठवड्यांत उरलेले काम उरकायचे, आणि तेही उरकले नाही तर पहिल्या महिन्यात, ही रीत अशा रीतीने रूढ झाली; जी सोय अपवादासाठी होती ती वेळापत्रकाचाच भाग बनली.

या रीतीची परमावधी क्रिकेटने पाहिली. मेलबर्नच्या ट्रिकस्टार गेम्सने घडवलेला आणि ५०५ गेम्सने प्रकाशित करावयाचा ‘अ‍ॅशेस क्रिकेट २०१३’ मुळात त्या वर्षीच्या उन्हाळ्यातील इंग्लंडमधील मालिकेसोबत यावयाचा होता. तो तहकूब होऊन नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियातील परतीच्या मालिकेच्या मुहूर्तावर, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विक्रीस आला. क्षेत्ररक्षकांच्या हास्यास्पद हालचालींच्या चित्रफिती तत्काळ जगभर फिरल्या. काही दिवसांतच प्रकाशकांनी गेम मागे घेतला, तो रद्द झाल्याचे जाहीर केले, घेणाऱ्यांचे पैसे परत केले आणि क्रिकेटरसिकांची माफी मागितली. मला या प्रकरणाविषयी, लोकांना वाटते त्याहून, जास्त आदर वाटतो. त्यात आपत्ती होती, पण लबाडी नव्हती. ‘पॅच येत आहे’ असे सांगून वर्षभर आशेवर झुलवण्यापेक्षा ‘जमले नाही’ हे दोन शब्द उच्चारण्यास अधिक धैर्य लागते.

पुढील काळात मात्र त्या दोन शब्दांऐवजी एक निराळाच वाङ्मयप्रकार उदयास आला: निवेदनाचा. सरकारी खलित्यासारखीच त्याची ठरीव वळणे असतात. आम्हांस समस्येची जाणीव आहे. आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे. आमचा चमू अविरत काम करीत आहे. अधिक माहिती यथावकाश. कर्ता प्रायः अदृश्य असतो, तारीख प्रायः नसते. कोनामी या जपानी कंपनीने आपल्या ‘प्रो एव्होल्यूशन सॉकर’ या नावाजलेल्या मालिकेचे नाव टाकून ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘ईफुटबॉल २०२२’ हा नवा गेम विनामूल्य उपलब्ध केला, आणि अल्पावधीतच तो स्टीमवरील सर्वांत नापसंत गेम ठरला. खेळाडूंचे चेहरे विद्रूप, चेंडूचे वर्तन अतर्क्य. कंपनीने त्वरित दिलगिरी व्यक्त करून तक्रारींची यादीच दिली, यात संशय नाही. पण ऑक्टोबरात वायदा केलेला पहिला मोठा पॅच नोव्हेंबरवर गेला, खऱ्या अर्थाने पूर्ण आवृत्ती पुढील वसंतावर गेली, आगाऊ पैसे भरलेल्यांची रक्कम परत करावी लागली, आणि ती आवृत्ती अवतरली तेव्हा १४ एप्रिल २०२२ उजाडला होता, म्हणजे युरोपातील फुटबॉलचा हंगाम संपत आला होता. त्यापूर्वीच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ या कुस्तीच्या गेमची कथा तर विनोदी कथेत शोभावी अशी आहे: त्या झुंजींना खेळ म्हणावे की नाटक हा वाद बाजूला ठेवू, परंतु शीर्षकातच २० हा आकडा मिरवणारा तो गेम १ जानेवारी २०२० उजाडताच कोलमडू लागला, आणि यंत्रातील तारीख मागे नेऊन २०१९ केली की पूर्ववत चाले.

खुलासे वाढले की रोष कमी व्हावा, असे कोणासही वाटेल. घडले नेमके उलटे. जो बोलतो त्यालाच जाब विचारता येतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मक्त्याचे आहे. २००४ मध्ये सेगाचा अमेरिकन फुटबॉलचा गेम अवघ्या वीस डॉलरांत विकला जाऊ लागला, तेव्हा ईएलाही आपल्या ‘मॅडन’ची किंमत उतरवावी लागली, परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात ईएने एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अनन्य परवाना मिळवला आणि ती स्पर्धा तेथेच संपली. दुसरीकडे जाण्याचा मार्ग ज्याला नाही, त्याच्या हाती अर्ज एवढाच उपाय उरतो. २०२० च्या उन्हाळ्यात ‘मॅडन’च्या रसिकांनी, संघ वर्षानुवर्षे चालवण्याचा जो विभाग वर्षांमागून वर्षे उपेक्षित राहिला होता त्यासाठी, समाजमाध्यमांवर एकमुखाने घोष केला, कंपनीने त्याची दखल घेऊन त्या विभागात हप्त्याहप्त्याने सुधारणा करण्याचे आश्वासन दिले. आणि डिसेंबर २०२२ च्या अखेरीस त्याच विभागातील अनेकांची नोंद सर्व्हरवरील बिघाडाने नष्ट झाली, तेव्हा कंपनीच्याच अंदाजानुसार त्यांतील सुमारे ४० टक्केच परत मिळण्याजोगी होती. आपल्या घरी, आपल्या यंत्रावर, आपण खेळलेल्या हंगामांचे दप्तर कोणा दुसऱ्याच्या कोठारात जळते आणि आपल्याला फक्त कळवले जाते, या अनुभवानंतर ‘मी हा गेम घेतला’ असे म्हणणाऱ्याने नेमके काय घेतले, हे सांगणे कठीण आहे.

जेथे कायदा रातोरात बदलू शकतो तेथे पराभूताला प्रत्येक पराभवामागे कायद्यातील गुप्त फेरफार दिसू लागतो. ‘फिफा’ खेळणाऱ्यांत ही समजूत इतकी दृढ आहे, की हरणाऱ्या संघाला गेम आतून मदत करतो, या आरोपावरून नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात ईएवर दावाही गुदरला गेला. खेळाची काठिण्यपातळी परिस्थितीनुरूप बदलण्याच्या तंत्राचे पेटंट कंपनीपाशी होते, हा संशयाचा आधार. ते तंत्र या गेममध्ये वापरलेले नाही, ही कंपनीची कैफियत. कंपनीने तांत्रिक तपशील दाखवल्यावर पुढच्या वर्षी वादींनी दावा मागे घेतला. न्यायालयापुरते प्रकरण मिटले. शयनगृहात रात्री दीड वाजता ८९ व्या मिनिटाला गोल खाल्लेल्या तरुणाच्या मनातून ते मिटलेले नाही, आणि मला त्याचे नवल वाटत नाही.

खऱ्या क्रिकेटचे नियमही बदलतात. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देण्याची मुभा एमसीसीने १९३५ मध्ये प्रयोगादाखल दिली, तिची रुजुवात पाहिली, आणि १९३७ मध्ये ती कायद्यात दाखल केली. ज्या फलंदाजांनी चेंडू पॅडने अडवण्यावर कारकीर्द उभारली होती त्यांना ती जाचलीच असणार; तथापि सूचना आधी, चाचणी नंतर आणि निर्णय शेवटी, हा क्रम सर्वांसमक्ष पार पडला होता. गेमच्या निर्मात्यांना ही चैन परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. धावपटूंचा वेग अंमळ कमी केला की ज्यांनी वेगवान आघाडीपटूंवर पैसा आणि रात्री खर्ची घातल्या ते खवळतात, न करावा तर बाकीचे खवळतात. शिवाय जो प्रोग्रामर नेमके कारण सांगू शकेल त्याला बोलण्याची परवानगी नसते, आणि ज्याला परवानगी असते त्याला कारण ठाऊक नसते. या दोघांच्या मधल्या पोकळीत जी शिवीगाळ पडते ती बहुधा अशा कोणा पगारी माणसाच्या वाट्याला येते, की ज्याने ना तारीख ठरवली ना परवाना विकत घेतला. रसिकांच्या बाजूने मी कितीही बोललो तरी याचे समर्थन मला करता येत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधील स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचे. तिचा ‘फुटबॉल मॅनेजर २५’ २०२४ च्या नोव्हेंबरवरून २०२५ च्या मार्चवर गेला, आणि फेब्रुवारीत तर तो रद्दच झाल्याचे जाहीर झाले. नव्या तंत्रावर बांधलेला गेम अपेक्षित दर्जास उतरला नाही, नाराजी पत्करू पण तो विकून मागाहून दुरुस्त करणार नाही, अशी तिची भूमिका होती. आगाऊ घेतलेले पैसे परत झाले. निदान आदल्या वर्षीच्या गेममध्ये चालू हंगामाचे संघ तरी भरून द्या, ही विनंती कंपनीने अमान्य केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर २६’ आला, आणि त्याच्या नव्या पटमांडणीविषयी तक्रारी व त्यांवरचे पॅच हे चक्र पुन्हा सुरू झाले. मधल्या त्या रिकाम्या हंगामात मात्र कोण कोणत्या संघात गेला, कोण वर चढला, कोण खाली उतरला, हे सारे जुन्या गेममध्ये स्वहस्ते भरण्याचे काम ठिकठिकाणच्या रसिकांनी पत्करले होते, आणि आपली फाइल कधी तयार होणार हे ते एकमेकांना सरळ सांगत होते.