पूल आणि परवाना

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागलं की पलीकडची माडिया गावं तुटतात आणि आमच्याकडच्या वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते. बरेचदा त्याच आठवड्यात आमच्या तुळजापूर तालुक्यात दुबार पेरणीची काळजी सुरू असते. तिकडे पाण्याने वाट अडवलेली, इकडे पाण्याची वाट पाहणं चाललेलं. एकाच राज्यातले हे दोन टोकाचे पावसाळे, आणि दोन्हीकडची गावं मागास म्हणूनच मोजली जातात.

बालाघाटाच्या उघड्या माळावर राहणाऱ्या माणसाला त्या गर्द रानातल्या नदीकाठच्या गावांचं फार अप्रूप वाटतं. जिल्ह्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल, साग, मोह, तेंदू, बांबू, बारमाही नद्या. मग लगेच दुसरी भावना येते, कीव. दवाखाना लांब, शाळा लांब, रेंज नाही. कीव करणाऱ्याच्या डोक्यात उपायही तयारच असतो: रस्ता करा, पूल बांधा, गाव सुधारेल. या उपायावर मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण रस्ता झाल्यावर पुढे काय होतं ते आमच्या भागाने पाहिलं आहे.

पूल हवाच, यात वाद नाही. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून पुरातून न्यावं लागतं, तेव्हा निसर्गसान्निध्याचे गोडवे गाणं हा निर्दयपणा आहे. बाबा आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले, ते तिथे दवाखाना नव्हता म्हणूनच. पण त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. गावातल्याच बाईला नवजात बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, की दवाखाना तिच्या पायांनी घरोघर पोचतो. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटल्याची नोंद आहे. रस्ते होते तसेच होते. निर्णय घ्यायची ताकद मात्र गावातल्या बाईच्या हातात आली होती.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची गोष्ट मला इथेच महत्त्वाची वाटते. हे गाव काही फार आडबाजूला नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच आहे. म्हणजे रस्ता होता. तरीही जंगलातला बांबू गावाचा नव्हता. कागद कारखान्याला तो सरकारकडून मिळत होता आणि घर शाकारायला चार बांबू तोडणारा गावकरी चोर ठरत होता. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेली ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या रोजच्या अपमानातून आली. पण मेंढ्याचं वेगळेपण घोषणेत नाही, बैठकीत आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. कायदा काय म्हणतो ते समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो, बाहेरच्या माणसालाही त्यात विचारतात, आणि निर्णय मात्र ग्रामसभाच घेते.

हे सगळं अतिशय संथ आहे. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा मात्र तयार होतं तेच गाव. 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरी पेच सुटला नाही. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं, पण वनखातं 1927 च्या कायद्यावर बोट ठेवून त्याला झाड मानत होतं. हक्क कागदावर, आणि बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याच्या टेबलावर. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. मला त्या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात हे पुस्तक कुठल्याही पुलापेक्षा मोठं वाटतं. रस्त्यावरून ट्रक आधीही जात होते. त्या दिवसानंतर ट्रकमध्ये काय भरायचं, किती भरायचं आणि कोणत्या दराने द्यायचं, हे गाव ठरवू लागलं.

तेंदूपत्त्याचं उदाहरण आणखी बारकाईने पाहण्यासारखं आहे. ऐन उन्हाळ्यात घरची सगळी माणसं पहाटेच रानात जातात, दुपारपर्यंत पानं आणतात आणि सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, पुडे मोजून घेतात. पूर्वी फळी ठेकेदाराची, मोजणारा दिवाणजी ठेकेदाराचा, आणि खराब म्हणून बाजूला टाकलेले पुडेही शेवटी त्याच्याच पोत्यात. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा ‘पेसा’ आणि वनहक्क या कायद्यांच्या आधारावर अनेक ग्रामसभा आता लिलाव स्वतः करतात. व्यापाऱ्यांनी संगनमत करून दर पाडले, पैसे थकवले, हेही घडतं, आणि ग्रामसभेचा हिशेब कच्चा असेल तर गावातच भांडणं लागतात. सगळं सुरळीत झालंय असं कुणी म्हणू नये. पण आता भांडण गावाच्या चावडीवर होतं आणि पुढच्या हंगामात दुरुस्त करता येतं.

ॲमेझॉनच्या रानातही हाच झगडा झाला. ब्राझीलच्या आक्रे राज्यात रबराचा चीक गोळा करणाऱ्यांची संघटना बांधणाऱ्या शिको मेंडिस यांचा 22 डिसेंबर 1988 रोजी खून झाला. जंगल तोडून गुरांची कुरणं करणाऱ्यांना त्यांचा विरोध होता. त्यांच्या लोकांनी जमीन विकण्याचा हक्क मागितला नव्हता. जमीन सरकारची राहू द्या, पण उभ्या जंगलावर जगण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा असू द्या, एवढीच मागणी होती. 1990 पासून तशी राखीव क्षेत्रं होऊ लागली. त्या भागातही रस्ता आला तो कुरणवाल्यांना आधी घेऊन. इकडे गडचिरोलीतही, एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक निघतात, तो डोंगर म्हणजे तिथल्या माडियांच्या ठाकूरदेवाचं स्थान. खाणीतून रोजगार मिळतो, तो नाकारण्याचं कारण नाही. पण डोंगर खणायचा की नाही हे तिथल्या ग्रामसभांच्या संमतीने ठरलं, असं आजही कुणाला छातीठोक सांगता येणार नाही.

आमचा तालुका रस्त्यांच्या बाबतीत सुखी आहे. आई भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो भाविकांसाठी रस्ते झाले, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं कामही चालू आहे. त्याच रस्त्यांवरून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि शिकलेली मुलं पुण्याला जातात. ती जाऊच नयेत असं मी म्हणत नाही. पण जाण्यावाचून पर्याय नसणं वेगळं. आपल्या गावात ठरवण्यासारखं काही उरलंय, असं त्यांना वाटत नाही. ग्रामसभा झाल्याचं रजिस्टरच्या सह्यांवरून कळतं. गायरान कुणाकडे गेलं, ओढ्याची वाळू कुणी नेली, कोणाच्या बोअरने शेजारच्या विहिरीचं पाणी ओढलं, हे विषय पारावर निघतात आणि पारावरच विरतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार गेली कित्येक वर्षं आमच्या गावाला लागून आहे. ग्रामविकास शिकायला दूरदूरची, आदिवासी भागांतलीही मुलं इथे येतात. ती आमच्या वाड्यावस्त्यांत फिरून माहिती घेतात, आपण मात्र त्यांना त्यांच्या ग्रामसभेविषयी विचारत नाही.

आता उजनीमार्गे कृष्णेचं पाणी रामदरा तलावात येणार, असं आम्ही बरीच वर्षं ऐकत आहोत. ते आल्यावर काय होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. पाइप ज्याच्याकडे, पाणी त्याच्याकडे, आणि दोन वर्षांत सगळ्या शिवारात ऊस. काक्रंबा, आपसिंगा, काटी अशा गावांनी पाणी येण्याआधीच बसून ठरवायला हवं: प्यायला किती ठेवायचं, ज्वारी-तुरीला किती द्यायचं, उसाला मर्यादा काय घालायची, आणि ज्याच्याकडे विहीर नाही त्याचा वाटा कोणता. मेंढ्याने केलं तसा एक अभ्यासगट प्रत्येक गावात करता येईल. जलसंपदा खात्याचा नकाशा मागवून त्यात आपलं शिवार कुठे येतं ते पाहणं, पाणीवापर संस्थेचा कायदा वाचणं आणि बायकांना त्या बैठकीत बसवणं, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा एकच विषय घेतला तरी चालेल.